आजोबांचं एकच वाक्य

तीर्थरूप आत्यास,

भाचीचा या कागदावर मावेल तेवढा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (आमच्याकडे सगळ्यांचे गुडघे ठणठणीत आहेत, डोकी तेवढी फिरली आहेत.)

बातमी अशी की मला शिष्यवृत्ती मिळाली! जनावरांच्या डॉक्टरकीची सगळी वर्षं फुकट. ती फक्त आपल्या लोकांसाठी आहे, म्हणजे आजोबांसारखे जे खेचरांवर माल लादून डोंगरापलीकडून आले, त्यांच्या नातवंडांसाठी. मार्कांच्या चाळणीतून मी पार झाले होते, पण मुलाखतीला बसलेल्या तीन म्हाताऱ्यांनी आपल्या भाषेत काहीतरी बोलायला सांगितलं आणि माझी बोबडी वळली. बाबांनी ती भाषा घरात कधी शिरूच दिली नाही, हे तुला ठाऊकच आहे. मला येतं एकच वाक्य, आजोबा रोज सकाळी बाबांना उठवताना म्हणायचे ते. इतक्या मायेनं म्हणायचे की तो आशीर्वादच असणार, असं मी धरून चालले होते. तेव्हा उभी राहिले, हात जोडले आणि त्या तिघांतल्या अध्यक्षबाईंना ते खणखणीत आवाजात ऐकवलं.

आत्या, ते अडून बसलेल्या खेचराला म्हणायचं वाक्य निघालं. "ऊठ मेल्या, नाहीतर विकून टाकीन." तिघंही हसून हसून बेजार. अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या, "ही आपलीच. असलं कुणाला शिकवून येत नाही."

मी नाचतच घरी आले. बाबा नुकतेच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवून परतले होते (एका शिकाऊ बाईंनी गाडी थेट दूधवाल्याच्या दुकानात नेली होती, म्हणजे माझा मुहूर्तच चुकला). आई म्हणाली, लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला जाऊ नये. बाबा जेवले आणि मग म्हणाले, "शाळेत मला खेचर म्हणायचे. तीस वर्षं मी ते पुसत आलो आणि तू त्याच्यावर शिक्का मारून आणलास."

मला रडू आलं आणि रागही आला. खरं सांगू? मला ती शिष्यवृत्ती हवी आहे, पण हक्काची वाटत नाही. एका शिवीच्या भांडवलावर मी आपल्यातली कशी? पण ते तिघं हसले ना, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आजोबा फक्त आमच्या घरातले नव्हते.

तुझी (अजून तरी लाडकी) भाची

ता.क. शिष्यवृत्ती पक्की करायच्या अर्जावर शुक्रवारपर्यंत बाबांची सही हवी. ते फक्त तुझं ऐकतात. पहिल्या गाडीनं निघ.

ता.क. दुसरा (दोन तासांनी). निघू नकोस. बाबांनी अर्ज मागितला. फाडतील म्हणून मी दारातच उभी राहिले. त्यात 'घराण्याची माहिती' असा चार ओळींचा रकाना आहे. तो त्यांनी भरला आणि पुरवणी मागितली. तीन पानं झाली आहेत आणि आता गाडं अडलंय. म्हणाले, "आई मला आपल्या भाषेत काय हाक मारायची, तेवढंच आठवत नाही. तायडीला विचार." ते लिहिल्याशिवाय सही करणार नाहीत. तुझा फोन नेहमीसारखा बंद आहे, म्हणून हे पत्र आत्ताच टाकते. मिळताच फोन सुरू कर. बाबा मघापासून तुझाच नंबर लावताहेत.