आम्ही बी.पी. सांगितलं होतं

वैशाली, गाझियाबाद
१९ जानेवारी १९९७

ती. लतावन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि देविकाच्या डोहाळजेवणाचा फोटो मिळाला. लेकीपेक्षा आईच जास्त नटलेली दिसते! संक्रांतीला मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या लढाईच्या स्मारकाला जाऊन आली. मी गेले नाही. हे गेल्यावर ह्यांची खिडकीजवळची जागा कोणाला दिली, हे विचारायचंही टाळलं.

एक गोष्ट तुम्हाला विचारल्याशिवाय करू नये असं वाटतं, म्हणून लिहिते. आमच्या गेटपाशी रामदरस इस्त्रीचा ठेला लावतो. दिवाळीनंतर तो अडखळत बोलू लागला. चालताना झोक जातो, कपडे भलत्या घरी देतो, बायकांवर ओरडतो. पिऊन येतो, असं सगळे म्हणाले आणि ठेला हटवण्याचा अर्ज सोसायटीत फिरला. ह्यांचे शेवटचे चार शर्ट आश्रमात द्यायचे म्हणून मी इस्त्रीला टाकले होते. ते त्याने कुठे दिले कोण जाणे, सापडलेच नाहीत. विचारलं तर माझ्यावरच ओरडला. त्या रागात मीही अर्जावर सही केली.

परवा तो डाव्या डोळ्यावर तळहात धरून कपड्यांवरचे फ्लॅटचे नंबर वाचत होता. वन्सं, हे असाच पेपर वाचायचे. एकाचे दोन दिसायचे ना. मी जवळ गेले. दारूचा वास नव्हता. त्याची बायको फूलमती म्हणाली की नोव्हेंबरात टेम्पोने सायकलला उडवलं, दोन दिवस शुद्ध नव्हती, मग टाके घालून घरी पाठवलं. जखम भरली तेव्हा बरा झाला असं सगळ्यांनी धरलं. आता लोक म्हणतात म्हणून ती स्वतःच त्याचं तोंड हुंगून बघते.

ह्यांच्याबरोबर मी असे दोन वर्षं चार महिने काढले, आणि तरी मला ओळखू आलं नाही. मीही तो पितो असंच धरलं.

२ फेब्रुवारीला मीटिंग आहे. ठेला गेला तर तीन मुलांना घेऊन ती दोघं कुठे जातील? स्कूटरवरून पडल्यावर ह्यांच्या मेंदूला मार बसला होता, त्यांचं ओरडणं, भलत्या वेळी हसणं त्यामुळे होतं, हे मला तिथे सांगायचं आहे. पण बी.पी. आहे असं सांगायचं, हे आपलं दोघींचं ठरलं होतं. तुम्हाला विचारल्याशिवाय ते मोडवत नाही. उत्तर लगेच टाका.

तुमच्या शब्दाची वाट पाहणारी,
रेवती


नाशिक
२५ जानेवारी १९९७

चि. रेवतीस,
अनेक आशीर्वाद.

नटले तर नटले. आजी होणार आहे, थोडं तरी मिरवू देशील की नाही?

तुझं पत्र दोनदा वाचलं. बी.पी.चं मीच तुला सांगायला लावलं, ते नाकारत नाही. तेव्हा देविकाचं लग्न जमत होतं. सूर्यामामाच्या डोक्यावर परिणाम झालाय हे एकदा बाहेर पडलं की तो मार लागून झाला की मुळातच होता, असं कोणी विचारत नाही. घराण्यातच आहे म्हणतात. आता तिला सातवा महिना आहे. तिच्या सासूबाईंची सख्खी बहीण दिल्लीत, तुमच्याच मंडळात येते. उद्या बाळ जरा उशिरा बोलू लागलं तरी सूर्याचं नाव निघेल.

तुझ्या इस्त्रीवाल्याचं वाईट वाटतं. त्याच्यासाठी जरूर बोल. तू वर्षातून दोनदा तोंड उघडतेस, तेव्हा लोक ऐकतील. पण सूर्याला लोकांनी साहेब म्हणून पोचवलं आहे. तेवढं त्याचं राहू दे.

थंडी फार असेल तिकडे. स्वेटर पेटीत ठेवायला विणलेला नाही.

तुझी,
लतावन्सं


वैशाली, गाझियाबाद
३ फेब्रुवारी १९९७

ती. लतावन्संना,
शि. सा. न. वि. वि.

स्वेटर घालूनच लिहिते आहे. काल मी तुमचं ऐकलं नाही. कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळावं.

आधी तुम्ही सांगितलं तसंच केलं. हा दारू पीत नाही, डोक्याला मार लागला आहे, एवढंच म्हणाले. सेक्रेटरी खन्ना हसले आणि बहनजी कधीपासून डॉक्टर झाल्या, असं त्यांनी विचारलं. फूलमतीने दवाखान्याचा कागद पुढे केला. त्यावर टाके घातल्याचं तेवढं होतं. रामदरस मध्येच मोठ्याने हसला. खन्ना म्हणाले, बघा, आत्ताही पिऊन आलाय.

ते हसणं मी ओळखते, वन्सं. शेजारच्या भाऊसाहेबांच्या तेराव्याला हे असेच हसले होते आणि मी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं होतं. मग मला गप्प बसवेना. सगळं सांगितलं. ह्यांनी बाल्कनीतून खन्नांच्या मुलाला शिव्या घातल्या होत्या, तेव्हा साहेबांची तब्येत ठीक नाही म्हणून खन्नांनी दुसऱ्या दिवशी सफरचंदं पाठवली होती. त्याचीही आठवण दिली. मग खन्ना हळूच म्हणाले की साहेबांची गोष्ट वेगळी होती. मी म्हणाले, हो. ह्यांच्याजवळ सरकारी कार्ड होतं, म्हणून मोठ्या दवाखान्यात मेंदूचा फोटो निघाला आणि आम्हाला दुखण्याचं नाव कळलं. याला कोणी सांगितलंच नाही.

अर्जावरची माझी सही खोडा म्हटलं, तर रजिस्टरात खाडाखोड चालत नाही म्हणे. म्हणून खाली लिहिलं की माझी समजूत चुकली होती.

ठेला होळीपर्यंत राहील. कपडे घरोघर न्यायचे-आणायचे ते फूलमतीने. पुढचं पुढे बघू म्हणाले. रामदरसला मी मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन जाणार आहे.

संध्याकाळी फूलमती वर आली. तिने आभार मानले नाहीत. जमिनीवर बसत होती, तिला खुर्चीवर बसवलं. तिने विचारलं की साहेब ओरडायचे तेव्हा मी काय करत असे. वन्सं, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी आवाज चढवत नसे, रेडिओ बंद करून पाणी आणून देत असे, आणि कधी कधी न्हाणीघरात जाऊन रडत असे, असं सांगितलं. ती म्हणाली, मी पण. चहा गार झाला तरी आम्ही बोलत होतो. मग ह्यांचं नाव घेऊनही मला रडू आलं नाही.

देविकाला काही सोसावं लागलं तर दोष माझा. रागवा, पण पत्र थांबवू नका.

आपली,
रेवती


नाशिक
११ फेब्रुवारी १९९७

चि. रेवतीस,
अनेक आशीर्वाद.

दोन दिवस रागावले होते. मग देविकाला तुझं पत्र दाखवलं. तिने ते वाचून सासूबाईंच्या हातात दिलं, मला न विचारता! त्या काय म्हणतील ते म्हणोत. अजून तरी काही म्हणाल्या नाहीत, आणि देविकाला सकाळचं दूध त्याच देतात.

मला दुसरंच लागून राहिलं आहे. मी दोनदा तुझ्याकडे येऊन गेले. दोन्ही वेळा सूर्या झोपून होता, आणि तो झोपलाय याचं मला बरंच वाटलं होतं. मी बी.पी. सांग म्हटलं आणि हळूहळू मीही तेच मानायला लागले. तू न्हाणीघरात रडत होतीस हे मला त्या इस्त्रीवाल्याच्या बायकोनंतर कळलं.

देविका बाळंत झाली की मी महिनाभर तुझ्याकडे येते. तिला सांगितलंस तसं मलाही सांग. माझा भाऊ शेवटी कसा होता, ते मला माहीत नाही.

तुझी,
लता