भांबुर्डीचा पाला

शनिवार, पौष. दिवेलागणीनंतर.

शेजारच्या बंगल्यातला साहेब आज कुंपणापाशी आला. "काकू, पाहुणे आलेत, पोपटी लावतोय. वालाच्या शेंगा आहेत, मडकं आणलंय. तो वासाचा पाला असतो ना, तो तेवढा द्याल?"

तो पाला म्हणजे भांबुर्डी. पोपटीचं मडकं जाळात ठेवायच्या आधी शेंगांसोबत आत तोच कोंबायचा. तो नसेल तर शेंगा मडक्यात नुसत्या करपतात. पाऊस संपताच ह्याच माणसाने माळ्याकडून सगळी भांबुर्डी मुळासकट उपटून घेतली आणि तिथे परदेशी तुळशीचे वाफे केले. वर मला म्हणाला होता, "कचरा आहे हो काकू सगळा." कचरा! मग घाल ना आता मडक्यात ती तुळस. मोबाइलवर शेती शिकतोय म्हणे. वालाला रोज पाइपने पाणी मारतो. आमचे वाल भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर नि दवावर होतात, हे सांगावंसं वाटलं होतं. पण कशाला? शिकू दे मोबाइलवर.

"बघते," म्हटलं आणि विळा घेऊन ऐटीत आमच्या बांधावर गेले. बांध स्वच्छ. भांबुर्डीची एक काडी नाही. मग आठवलं. गणपतीआधी मीच तणनाशक मारून घेतलं होतं, कोण बेणत बसणार म्हणून. तेव्हा मीही कचराच म्हटलं होतं का? म्हटलंच असणार.

परत आले तर साहेब मडकं घेऊन तिथेच उभा.

"भरपूर आहे," मी म्हटलं. "पण तुम्हाला देणार नाही."