पापडाच्या डब्यातले निळे दाणे

चिंचवड,
बुधवार, ता. २३ एप्रिल १९५८

ती. सौ. कुसुमवन्संना मंजुळेचा वाकून नमस्कार.

तुमचे पत्र सोमवारी पोचले. इकडे ऊन असे आहे की सकाळी भरलेली घागर दुपारी निम्मी होते. उडदाचे पापड दोन दिवसांत खडखडीत वाळले. काल मंगलमूर्तींना जाऊन आले, तुमच्या गुडघ्यासाठी एक जुडी दूर्वांची वाहिली.

तुम्ही लिहिता, सहा महिने झाले, देह काही सापडला नाही, येत्या अमावास्येला दर्भाचा पुतळा करून तुमच्या भावाचे क्रियाकर्म उरकू. गुरुजीही ठरवलेत. आणि ती फोटोची पेटी कुणाला तरी देऊन टाक म्हणता.

वन्सं, आधी माझे एक ऐका. आजवर कुणाला सांगितलेले नाही.

तारे टिपायची ती पेटी यांनी हाताने बनवलेली. आत ओल शिरू नये म्हणून ते निळ्या दाण्यांची पुरचुंडी ठेवत. त्यांच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्यांबरोबर ते दाणे येतात. ओल पिऊन गुलाबी झाले की मी तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होत. हे शेजारी बसून थट्टा करत, "अगं, रवा नाही तो. खमंग करू नकोस!"

गेल्या आश्विनात माझ्या मनात आले, एवढे दाणे पेटीला कशाला? निम्मे काढून पापडाच्या डब्यात ठेवले. पापड छान कुरकुरीत राहिले.

त्या रात्री हे नदीपलीकडच्या माळावर कृत्तिकांचा फोटो घ्यायला गेले. पहाटे आले ते हिरमुसून. "आकाश निरभ्र होतं गं, पण काचेला आतून दव धरलं. सगळं धुरकट. उद्या परत जातो." मी ताक घुसळत होते. घुसळतच राहिले.

दुसऱ्या दिवशी वर मावळात पाऊस झाला, रात्री पवना फुगली. पेटी माळावर तिपाईवर तशीच उभी सापडली. चपला पलीकडच्या काठाला. हे घरी यायला निघाले होते.

तेव्हापासून मी दाणे रोज परतते. थंडीत परतले, होळी झाली तरी परतते. संध्याकाळी निळेशार करून पेटीत ठेवायचे, झाकण घट्ट लावायचे. सकाळी बघावे तर गुलाबी! या वैशाखात, वन्सं, ओठ फुटताहेत अशा उन्हात. पुरचुंडीचे फडके तर पिळावे इतके ओले.

शेजारच्या गोजाबाई विस्तव मागायला आल्या होत्या. तवा बघून म्हणाल्या, "मंजुळे, रोज काय भाजतीस गं?" मी दाखवले. त्यांनी फडके हुंगले आणि पटकन खाली ठेवले. "नदीचा वास हाय ह्याला," म्हणाल्या. विस्तव न घेताच गेल्या.

परवा धीर करून पापडाचा जुना डबा उघडला. आश्विनापासून हात लावला नव्हता. त्यातले दाणे त्याच पुडीतले, त्याच तव्यावर परतलेले. अजून निळे आहेत. डबा माझ्याच घरात आहे, त्याच फळीवर, पेटीपासून वीतभर लांब.

आता तुम्हीच सांगा, ओल घरात असती तर डब्यात शिरली नसती?

ते निम्मे दाणेही मी आता पेटीत घातलेत. आज सकाळी पहिल्यांदाच थोडे निळे राहिले. मूठभर असतील.

म्हणून गुरुजींना येऊ नका म्हणावे. तुमचा भाऊ ओल्या अंगाने येतो, वन्सं, आणि थोडा थोडा वाळतो आहे. पुतळा जाळलात तर तो पुन्हा यायचा नाही, आणि तसाच ओला राहील. माझ्याने जे निम्मे राहिले ते मला पुरे करू द्या. पेटी मी देणार नाही.

तुम्ही पाकिटावर माझ्या नावामागे गं. भा. लिहिलेत. रागावले नाही, पण पुन्हा लिहू नका. त्यांचे नाव मी कधी तोंडाने घेतले नाही, आज खाली हाताने लिहिते.

तुमची भावजय,
सौ. मंजुळा यशवंत देवळे