रुचिताच्या प्रश्नासाठी मोकळी ठेवलेली जागा

मी, देवीदास सखाराम मेश्राम, वय एकसष्ट, रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातून निवृत्त फिटर, राहणार बीरगांव, रायपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि आज अंगात कळ नसताना लिहायला घेत आहे. कळीचं मुद्दाम नोंदवतो, कारण मला जन्मापासून सिकलसेल हा आईबापांच्या रक्तातून येणारा आजार आहे, आणि त्यात अधूनमधून हाडांत असह्य कळा येतात.

याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती बरीच आहेत. दुखणं विकोपाला गेलं की मी लिहायला बसायचो आणि मग मरायचं राहून जायचं. पहिलं लिहिलं तेव्हा मिसरूड फुटत होतं आणि इस्टेट म्हणजे एक सायकल होती. "हा पोट्टा विशी पाहत नाही," असं डॉक्टर मायसमोर बोलले होते. आता मिशी पांढरी झाली. दाढी करताना आरशात ती दिसली की मी अजून थबकतो.

१. घर पत्नी कांताबाई हिच्या हयातीत तिचं. लग्नाआधी हिने आपणहून रक्त तपासून घेतलं. ते निर्दोष निघालं, म्हणून आमची मुलगी रुचिता नुसती वाहक झाली, आजारी नाही. मी तर मूल नकोच म्हणत होतो. रुचिता पहिल्यांदा अंगणभर धावली आणि धावतच राहिली, तेव्हा मी तोंडात बोट घालून बघत बसलो. माझ्या रक्तातून असं काही निघतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

२. पाने, हातोडे, कानशी पुतण्या धम्मदीपला. तेल लावून ठेवावे, गंजू देऊ नयेत.

३. थोरले बंधू शालिग्राम माझ्या प्रत्येक आजारपणात अंत्ययात्रेचा पांढरा सदरा इस्त्री करून तयार ठेवत आले. त्यांना माझी इस्त्री द्यावी.

४. कांताबाईनंतर घर रुचिताचं. जावई सुशील हेही वाहक. त्यांच्या प्रत्येक बाळाला माझा आजार होण्याची शक्यता चारात एक. मूल होऊ द्यावं की नाही, यावर दोघं झुरत आहेत. घर होणाऱ्या नातवाच्या नावे करा म्हणजे पोरगी मूल होऊ द्यायला तयार होईल, असं शालिग्रामदादांनी सुचवलं. अमान्य. मूल होवो, न होवो, दत्तक घेवोत, घराला कसलीही अट नाही.

५. मला रक्त चढत असताना रुचिताने उशाशी बसून विचारलं, "बाबा, सच बताना. आजीनं तुमाले जन्माले घातलं, ते बरं झालं का?"

कांताबाई डाफरली, "काहून असं विचारून राहिली वं?"

प्रश्न रास्त होता. पण बरं वाटत असताना दिलेलं उत्तर लबाडीचं होईल. म्हणून कळ येईपर्यंत पुढची जागा मोकळी ठेवतो.

आज पहाटेपासून दोन्ही मांड्यांत आणि पाठीत कळ आहे. अक्षराला हसू नये. बेटा, हव. बरं झालं. आत्ता कळ असतानाही बरं झालं असंच वाटतं, याचं मलाच नवल आहे. पण हे माझ्या जन्माबद्दल झालं. तुझं तू ठरव.

देवीदास सखाराम मेश्राम (सही)
बीरगांव, रायपूर
२१ नोव्हेंबर २०२४

कलम पाचमधलं उत्तर देवीदासजींनी आमच्यादेखत स्वतःच्या हाताने लिहून सही केली. त्यांना फार दुखत होतं. ते पूर्ण शुद्धीत होते.

साक्षीदार:
यशवंतराव देशकर, शेजारी (सही)
रीना साहू, नर्स (सही)