हर्षलाचे उपवास

दहिवली, कर्जत
१८ डिसेंबर २०२५

चि. मेघा हिस,
आईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मी रागाला आले की तू लगेच जेवलीस का म्हणून विचारतेस, आन् माझं बोलणं तिथंच ऱ्हातं. म्हणून लिहितेय. शेजारची नम्रता फोटो काढून तुला धाडील.

नाताळच्या सुट्टीत हर्षला नवऱ्याला घेऊन तुझ्याकडं लंडनला ऱ्हायला येतेय म्हणालीस. येऊ दे. शाळेतली मैत्रीण हाय, तिला गाव दाखव. पण ती आपल्या घरात कवा जेवली ते आठवून बघ. सोमवारी आली तर शंकराचा उपवास, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. एकदा रविवारी आली, तवा सूर्याचा निघाला. आपल्या बौद्धवाड्यात पाय ठेवला की तिला देव आठवायचे. शाळेत मात्र तुझा डबा चाटूनपुसून खायची.

आता एक सांगते, जे तुला सांगितलं नव्हतं. तू परदेशी निघालीस त्याच्या आदल्या दिवशी ती निरोपाला आली, उंबऱ्याबाहेर उभी ऱ्हायली, उपवास म्हणाली. मी डबाभर वडे बांधून दिले, म्हटलं उद्या खा. तू गेल्यावर डबा आणाय वरच्या आळीत तिच्या घरी गेले, तर वडे म्हशीच्या पुढ्यात. हर्षला शेजारीच उभी. मला बघून मोबाइलवर बोलाय लागली. मी डबा उचलला आन् घरी आले.

सहा वर्षं झाली. मी इसरले नाय आन् माफ पण केलं नाय. आता ती तुझ्या दारात येतेय. तिला जाब विचार, मला तेवढंच हवंय.

थंडीचं कानाला बांध. लोभ हायच, तो लिहून काय सांगायचा.

तुझी आई,
भीमाबाई


लंडन
२४ डिसेंबर

ती. आईस,
मेघाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. जाब पहिल्याच दिवशी विचारणार होते. पण म्हटलं, आधी बघू तरी बाई सुधारलीय का.

दोघं सोमवारी आले. मी मसूरची आमटी, भात, सुकटीची चटणी केली होती. हर्षला म्हणाली, सोमवार आहे. मंगळवारी बोटीनं फिरलो, टॉवर ब्रिज बघितला, आणि दुपारी हॉटेलात तिनं परातीएवढा पिझ्झा एकटीनं संपवला. संध्याकाळी मी भाकऱ्या थापल्या, तर तिला मंगळवार आठवला. आज बुधवार. बुधवारला देव सापडेना बहुतेक, म्हणून पोट बिघडलंय.

तिचा नवरा देवेश खोपोलीचा, सरळ माणूस. मागून मागून जेवतो आणि वर भांडी घासतो. भांडी घासतानाच सांगत होता की घरी ती एकही उपवास करत नाही, साबुदाण्यानं तिला पित्त होतं. हे एवढं देवाचं अचानक कुठून आलं, असं मलाच विचारत होता. मी म्हटलं, लंडनची हवा.

उद्या नाताळ. इथे उद्या बस नाही, रेल्वे नाही, दुकानं बंद. मी दोघांना पायी लंडन दाखवणार आहे. आणि उद्या गुरुवार आहे, आई.

तू तब्येत सांभाळ. राग आहे तसा राहू दे, माझ्या कामाला येईल.

तुझीच,
मेघा


दहिवली
२५ डिसेंबर, सकाळी

चि. मेघा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

घाईत लिहितेय. हर्षलाची आई गौराबाई काल कर्जतच्या बाजारात भेटली. चार बायकांना लेकीचे लंडनचे फोटो दाखवत होती. मोठ्या हॉटेलात उतरलीय म्हणाली. तुझं नावबी घेतलं नाय, आन् मी समोर उभी होते.

चालव तिला. नवऱ्याला उपाशी ठेवू नको, त्याचा काय गुन्हा.

आई


लंडन
२६ डिसेंबर

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

काम झालं. सकाळी न्याहारीला ती नको म्हणाली, बाहेर काहीतरी खाऊ म्हणाली. मी बरं म्हटलं आणि निघालो. बाबासाहेब शिकताना राहिले ते घर आधी दाखवलं. ते बंद होतं, म्हणून बाहेरूनच हात जोडले. देवेशनंही जोडले. ती मोबाइलवर कॉफीचं दुकान शोधत होती. तिथून बागेतून राजवाड्याकडे, तिथून नदीवर. वाटेत काचेआड केक मांडलेले आणि दाराला कुलूप. दुपारपर्यंत तिचं तोंड एवढंसं झालं.

नदीकाठच्या बाकावर मी डबा उघडला. देवेशला भाकरी आणि सुकं मटण वाढलं, स्वतः घेतलं, आणि तिच्या हातात एक केळं ठेवलं. म्हटलं, आज दत्ताचा गुरुवार, तुझा उपवास मी कसा मोडू. देवेश तिच्याकडे बघतच राहिला. तिनं मान खाली घालून केळं खाल्लं. मला फार बरं वाटलं.

घरी आल्यावर देवेशनं तिला विचारलं, हा काय प्रकार आहे. मग मीच म्हशीचं सांगितलं, आणि गौराबाईनं बाजारात सांगितलेलं हॉटेलही. तो म्हणाला, चार दिवस मी जिच्या हातचं खातोय, तिच्या आईचं अन्न तू म्हशीला घातलंस? ती खूप रडली. चूक झाली म्हणाली आणि ताट पुढं करून वाढ म्हणाली. मी वाढलं नाही. वडे आईचे होते, आई वाढील तेव्हा जेव, असं सांगितलं. बिस्किटं खाऊन झोपली.

एक तारखेला ते निघतील. ती तुझ्या पाया पडायला येणार म्हणतेय. एकटी, आणि अंधार पडल्यावर. तिला काय सांगू?

उत्तराची आणि तुझ्या मायेची वाट बघतेय.

मेघा


दहिवली
२७ डिसेंबर

चि. मेघा हिस,
आईचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

केळ्याचं वाचून इतकी हसले की नम्रता धावत आली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सहा वर्षांचं एका केळ्यात फिटत नाय.

तिला सांग, अंधारात यायचं नाय. पाया तर पडायचंच नाय, माझे पाय काय पळून चाललेत? चार तारखेला रविवार हाय. त्या दिवशी भर दुपारी, लोक दारात बसलेले असतात तवा, आईला बरोबर घेऊन वरच्या आळीतून चालत यायचं. मी घरात बसवणार नाय. दारापुढं वाटेवर पानं मांडीन. साधा वरणभात करीन, समोर बसून वाढीन, आन् शेवटचा घास पोटात जाईस्तोवर उठू देणार नाय. गौराबाई नाय आली तर तिनं एकटीनं यावं, पण दुपारीच. दोघी नाय आल्या तर देवेशला पाठव. तो भीमाबाईकडं जेवला हे सासूला तोच सांगेल.

तू वाढलं नाय ते बरं केलंस. लंडनात तिला वळखतं कोण? तिथं खाल्लेलं मी धरलं नसतं.

तुझ्यावर लोभ हाय तसाच हाय. तिच्यावर धरायचा का, ते रविवारी बघू.

तुझी आई,
भीमाबाई