दुकानाकडे तोंड करून बसलेलं बाक

ती. मामांना,

तुमच्या भाच्याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचं ब्लडप्रेशर तुमच्या ताब्यात आहे की अजून बातम्यांच्या? इकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून.

माझं दुःख थोडक्यात असं, की गेले काही महिने मला माझ्याच दुकानात अंग चोरून, तिरकं होऊन शिरावं लागतं. जगात अन्याय पुष्कळांवर झाले आहेत, लोकांची राज्यंच्या राज्यं गेली. पण ज्यांची गेली ते निदान राजवाड्यातून सरळ चालत बाहेर पडले असतील. चष्म्याच्या दुकानाचा मालक रोज सकाळी खेकड्यासारखा आत शिरतो आणि संध्याकाळी खेकड्यासारखाच बाहेर येतो, याची नोंद कुठलाही इतिहासकार घेणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. हे तिरकं शिरणं का, तर दारासमोर एक बाक आहे. हिरवं, लोखंडी पायांचं, आणि फूटपाथमध्ये असं पक्कं गाडलेलं की भूकंप झाला तर गाव हलेल, ते हलणार नाही (असं मला तेव्हा वाटलं होतं). ते आमच्या गावच्या सेवा क्लबने जनतेला सप्रेम भेट दिलं आहे. जनतेने मागितलं होतं का, हे मी विचारलं. ‘सेवा मागून मिळत नसते,’ असं उत्तर मिळालं. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण या बाकाचं तोंड रस्त्याकडे नाही, माझ्या दुकानाकडे आहे. त्याचं कारण असं की क्लबचं नाव बाकाच्या पाठीवर मागच्या बाजूने रंगवलेलं आहे, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसलं पाहिजे. मग पाठ रस्त्याकडे आली आणि तोंड माझ्याकडे. त्यामुळे बाकावर बसलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही, झाड दिसत नाही, मी दिसतो. मी काचेमागे एखाद्याच्या नाकावर फ्रेम बसवत असतो आणि समोर दोन-तीन माणसं सिनेमाला आल्यासारखी बसलेली असतात. मी शिंकलो तर बाहेर माना हलतात. आणि या प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत (रांग एकच आहे) आमचे सासरे.

सासऱ्यांचं तुम्हाला माहीत आहे. सासूबाई गेल्या तेव्हापासून ते आमच्याकडे असतात. आले तेव्हा मागच्या खोलीत कपाटाकडे तोंड करून बसायचे. कपाटात काही नव्हतं, जुन्या रजया होत्या. माझ्याशी बोलत नसत, पण ते लग्नापासूनच. तो आमच्यातला जुना करार आहे, दोघांनीही कधी मोडला नाही. बाक आलं तेव्हापासून ते दुकानासोबत उघडतात आणि दुकानासोबत बंद होतात. शेजारी निवृत्त कंपाउंडर. माझ्या प्रत्येक हालचालीवर सासरे त्यांच्या कानात काहीतरी सांगतात आणि कंपाउंडर माझ्याकडे बघून मान डोलावतात. मामा, पंचवीस वर्षं धंदा केला, पण स्क्रू ड्रायव्हर हातातून पडू लागला तो याच वर्षी.

शेवटी तक्रार करायची ठरवून मी एका शनिवारी क्लबच्या सभेला गेलो. सभा शाळेच्या हॉलमध्ये असते. दारात एका उत्साही गृहस्थांनी माझ्या शर्टाला फूल टोचलं, दुसऱ्यांनी दंड धरला आणि मी भानावर आलो तेव्हा स्टेजवर मधल्या खुर्चीत होतो. मला वाटलं, तक्रार ऐकून घ्यायची फार सुसंस्कृत पद्धत आहे. (खरा प्रकार नंतर कळला. त्या दिवशीचे पाहुणे वक्ते डोळ्यांचे डॉक्टर होते, ते आलेच नाहीत, आणि चष्मेवाला दारातून येताना दिसल्यावर कुणीतरी म्हणालं, ‘विषयाच्या जवळपासचा आहे, चालेल.’) माझी ओळख करून देताना मी परदेशात शिकलो असं सांगण्यात आलं. मी उठलो आणि बाकावर वीस मिनिटं बोललो. जिकडे काही दिसत नाही तिकडे तोंड करून आपण काय करतो आहोत, पाठीवरचं नाव वाचलं जावं म्हणून बसणाऱ्याला भिंतीकडे तोंड करून बसवणारी ही सेवा कोणाची, असं मी तावातावाने विचारलं. समोर टाळ्या. एक गृहस्थ डोळे पुसत होते. रूपक म्हणून फार आवडलं, असं नंतर भेटून म्हणाले.

मग आभार. क्लबचा एक नियम तुम्हाला सांगायला हवा: आभाराचं भाषण आदल्या आठवड्यातच लिहून सचिवांकडून तपासून घ्यायचं असतं, म्हणजे ऐन वेळी कोणी लांबण लावत नाही. सचिव म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना हेडसर म्हणतात आणि ते अजूनही सगळ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल रेघ ओढतात. तर आभार मानणारे उठले आणि डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे मी, मोतीबिंदूवर जो प्रकाश टाकला, विशेषतः ऑपरेशननंतर डोळ्याला पाणी लागू न देण्याबद्दल जे अनुभवाचे बोल सांगितले, त्याबद्दल क्लबतर्फे ऋण व्यक्त केलं. मी आजूबाजूला पाहिलं. कुणाच्याही चेहऱ्यावरची माशी हलली नाही. एक बाई तर पाणी न लागू देण्याचा मुद्दा लिहून घेत होत्या. हेडसरांना मी हळूच म्हटलं, “सर, मी मोतीबिंदूवर बोललोच नाही.” ते म्हणाले, “आता ते मंजूर झालंय.”

जाताना एका ठिकाणी सही घेतली. मला वाटलं हजेरी आहे. मी सभासद झालो होतो.

पुढच्या आठवड्यात हेडसर स्वतः दुकानात आले (तिरके होऊन) आणि आनंदाची बातमी देऊन गेले. माझी तक्रार क्लबने एकमताने मान्य केली होती. तेव्हा मला समजलं की क्लबकडे बाक एकच आहे. ते आधी दवाखान्यापाशी होतं, मग स्टँडवर, आता माझ्याकडे. दर वर्षी नवा अध्यक्ष येतो, त्याने आपल्या कारकिर्दीत एक कायमस्वरूपी उपक्रम करायचा असतो. मग जुन्याचा कायमस्वरूपी उपक्रम पहारीने उखडून, रंग देऊन, नव्या जागी त्याचं उद्घाटन होतं. यंदा होणारे अध्यक्ष सिमेंटवाले. ते बाक आपल्या गोदामासमोर, हायवेला नेणार. महिनाअखेर पहारी घेऊन माणसं येतील.

मी उड्या मारत घरी गेलो. बायकोला सांगितलं. तिने हातातलं होतं ते सगळं खाली ठेवलं आणि म्हणाली, “बाबांना तुम्ही सांगा.”

“काय सांगायचं? बसतील दुसरीकडे. बागेत बाकं काय कमी आहेत?”

“बागेत नेलं होतं मी. दहा मिनिटांत उठून आले. म्हणाले, तिथे बघायला काही नाही.” मग म्हणाली, “तुम्हाला माहितीये का ते कंपाउंडरांना दिवसभर काय सांगतात?”

मी म्हटलं, सांगत असतील जावई कसा नालायक आहे ते.

“आता काच घासतोय बघा. आता कडेला धार मारेल. आता फुंकर मारेल, मग उजेडात धरेल. रात्री जेवताना मला परत सगळं सांगतात. दोन घास जास्त खातात त्या नादात. तुम्ही घरी आलात की गप्प होतात, कारण तुम्हाला काय सांगणार, ते तुम्हीच केलेलं असतं.”

मामा, मी त्या रात्री आरशासमोर उभा राहून फुंकर मारून पाहिली. मी उजेडात धरण्याआधी फुंकर मारतो, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माझा गोंधळ सुरू झाला तो आजतागायत. शनिवारी मी तक्रार मागे घ्यायला गेलो. हेडसर म्हणाले, ठराव झालेला आहे. मी म्हटलं, रद्द करा. ते म्हणाले, रद्द करायचा तर तक्रार खोटी होती असं लिहून द्यावं लागेल, आणि मग त्या सुंदर भाषणाचं काय? ते वार्षिक अंकात छापायला गेलंय (मोतीबिंदूसकट). एक सभासद म्हणाले, तोंडाचाच प्रश्न असेल तर जागेवरच बाक फिरवू, रस्त्याकडे तोंड करू. मी किंचाळलोच, की नको, ते आहे तसंच योग्य आहे. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. परवापरवाच याच माणसाने आपल्याला रडवलं होतं, असं प्रत्येकाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. कुणीतरी पुटपुटलं, “परदेशात शिकलेत ना.”

शेवटी मी सिमेंटवाल्यांनाच गाठलं. म्हटलं, शेठ, बाक माझ्याकडे राहू द्या, तुमच्या गोदामासमोर मी पदरचा फलक लावतो. ते म्हणाले, “बाक कुठे ठेवायचं ते अध्यक्ष ठरवतो. तुम्हाला एवढाच पुळका असेल तर तुम्हीच व्हा अध्यक्ष.” मी म्हटलं, होतो. तेव्हा तो धिप्पाड माणूस मला मिठी मारून जवळजवळ रडला. अध्यक्षाला दर शनिवारी एक पाहुणा वक्ता शोधून आणावा लागतो, वर्षभर, हे त्याने मिठी सोडल्यावर सांगितलं. गावात बोलता येणारी माणसं केव्हाच संपली आहेत. मागच्या महिन्यात एकाच वकिलाला दोनदा आणलं, दुसऱ्यांदा टोपी घालून.

तर तुमचा भाचा आता अध्यक्ष आहे. माझा कायमस्वरूपी उपक्रम म्हणजे तेच बाक, त्याच जागी, त्याच तोंडाने. त्याचं उद्घाटन पुढच्या शनिवारी. त्यासाठी आधी उखडावं लागेल, असं हेडसर म्हणतात. उखडल्याशिवाय बसवता येत नाही. यावर सध्या समिती विचार करते आहे. समितीत मी आहे, तरी काय विचार चाललाय ते मला कळत नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपायला सांगा.

तुमचा,
भाचा (आणि आता, नाइलाजाने, अध्यक्ष)

ता. क. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून तुम्ही यावं, ही विनंती. पाणीपुरवठ्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाने बाकावर चार शब्द बोलणं अवघड नाही.

ता. क. २. पत्रिका छापून झाल्या आहेत, तेव्हा वरची विनंती ही विनंती समजू नये. आभाराचं भाषणही हेडसरांनी तपासून मंजूर केलं आहे, ते सोबत जोडतो. त्यात तुम्ही ‘आपल्या खुमासदार शैलीत तीन किस्से सांगितले’ आणि ‘शेवटी सर्वांचे डोळे पाणावले’ असं आहे. कृपया त्याप्रमाणे बोलावं. नाहीच जमलं यायला तरी काळजी करू नका, आभार मानले जातीलच.

ता. क. ३. काल पाकीट बंद करता करता कंपाउंडर आत आले. पहिल्यांदाच. मला वाटलं चष्मा हवाय. म्हणाले, “तक्रार नाही, पण इतके महिने पेपर मी आणतो आणि शब्दकोडं तुमचे सासरे सोडवतात. पेनने.” आज सकाळी आमच्या घरचा पेपर, कोडं कोरं ठेवून, सासऱ्यांच्या बाजूला बाकावर नेऊन ठेवला. सासऱ्यांनी आधी पेपरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सरकून मला जागा केली. ग्राहक यायचा होता, म्हणून थोडा वेळ बसलो. तिथून दुकान बरं दिसतं.