रिंकीचं दुपटं

१३ नोव्हेंबर २०११
आले बाई एकदाची! दारातून गाढवी नदी दिसते, मागे प्रतापगडाचा डोंगर (साताऱ्याचा नव्हे, इथला गोंदियाकडचा), आणि डोक्यावर वानरांचा नुसता धुडगूस. नवऱ्याने, लोकेंद्रने, हा कॅम्प पर्यटकांसाठी काढलाय: जंगलात पायी फिरवायचं, रबरी बोटीतून नदी दाखवायची. नियम मी ठरवणार, कारण लोकेंद्रला कुणाला ‘नाही’ म्हणता येत नाही आणि मला फार छान येतं. वानरांना खायला घालायचं नाही, जवळ जायचं नाही, जंगलात घाण ठेवायची नाही.

रिंकी आता तीन महिन्यांची होईल. कामठ्याहून निघताना सासूबाईंनी तोंड फुगवलं होतं. फुगवू देत. इथली स्वयंपाकीण धुरपताबाई तर भेटल्या भेटल्या म्हणाली की एवढंसं लेकरू घेऊन जंगलात कायले आल्या, बाई. मी विचारलं, तुझी लेकरं काय गोंदियाला वाढली? तर पदर तोंडाला लावून हसली. जमेल आमचं.

१७ नोव्हेंबर
पहिली मंडळी रायपूरची. एक महाशय वानरांना वेफर्स टाकत होते, त्यांना असं झापलं की त्यांची बायकोच खूश झाली. जंगलवाट झकास झाली. नदीवर मात्र सगळं बिनसलं. काठावर वानराची एक मादी बसली होती, मेलेलं पिल्लू पोटाशी घट्ट धरून. किती दिवसांचं कोण जाणे, पण वास नाकात भरला. मंडळी नाकाला रुमाल लावून मागे फिरली, बोटीत कुणी बसेचना.

बोट चालवणाऱ्या उदारामने मला बजावलं की त्याले हात लावू नका. मादी मन भरलं की स्वतःच पिल्लू खाली ठेवून जाते, मग गाव नारळ-गुलाल घेऊन त्याला पुरतं. तोवर कुणी आईकडून घेत नाही म्हणे. मी म्हटलं, आणि रोगराई पसरली तर तुझा गाव निस्तरणार का? तो तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला आणि निघून गेला. मला असल्या माणसांचा भयंकर राग येतो.

१९ नोव्हेंबर
काम फत्ते! ती मादी पाणी प्यायला वाकली, पिल्लू क्षणभर दगडावर ठेवलं, आणि मी उचललं. हाताशी रिंकीचं दुपटं होतं, धुवायला आणलेलं. त्यातच गुंडाळून स्वयंपाकघरामागे पुरून टाकलं. ती अंगावर येईल असं वाटलं होतं. आली नाही. नुसती बघत राहिली.

हात साबणाने खसाखसा धुतले आणि रिंकीला पाजलं. धुरपताबाई आज माझ्याशी बोलत नाहीये. नको बोलू!

२० नोव्हेंबर
खड्डा उकरलेला. पिल्लू तिथेच पडलंय, मुंग्या लागलेलं. दुपटं नाही.

समोरच्या अर्जुनाच्या झाडावर ती बसलीय. दुपटं मांडीवर घेऊन हुंगतेय. मी दगड मारला, तिच्या पायाला लागला. हलली नाही मेली.

२२ नोव्हेंबर
अख्खा कळप छपरावर बसून आहे. उड्या नाहीत, ओरडा नाही. धुरपताबाईने नारळ फोडला, हात जोडले आणि म्हणाली की आता मिटलं, बाई. कुठलं मिटलं! त्या बयेने खोबऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग धुरपताबाईही घाबरली आणि घरी निघून गेली.

रिंकी रडली की ती छपरावर घुमल्यासारखा आवाज काढते, आणि रिंकी गप्प होते. माझ्या कडेवर होत नाही. मला भीती वाटतेय. लोकेंद्र म्हणतो, नव्या जागेचं आहे, जाईल.

२३ नोव्हेंबर
दुपारी डोळा लागला. उठले तर खिडकीच्या गजांतून काळा हात आत. रिंकीच्या टाळूवर. थोपटत होता.

रिंकी हसत होती.

लोकेंद्रशी कडाक्याचं भांडण. आत्ताच्या आत्ता कामठ्याला पोचव म्हटलं. तर जीप पर्यटकांना आणायला गोंदियाला गेलीय, परवा बघू म्हणे. परवा! उद्या उदारामच्या बोटीतून पुलापर्यंत जाणार, तिथून बस. सासूबाई काय बोलायचं ते बोलोत.

२४ नोव्हेंबर
वाळूवर बसलेय. उदाराम माणसं आणायला पळाला.

पात्र अरुंद, बोट झाडांखालून गेली — वरून ती उतरली — मी रिंकीला ओढत होते, तीही ओढत होती — रिंकी कळवळली म्हणून मी सोडलं. मी सोडलं. तिने नाही सोडलं. रिंकीला घेऊन झाडावर गेली.

ओरडले की ती वर चढते. गप्प बसले की खाली येते. म्हणून गप्प. म्हणून लिहितेय, नाहीतर तोंडातून —

रिंकी रडत होती. आता नाही. चुटचुट आवाज येतोय. पितेय. तिचं पितेय. माझी ओढणी दुधाने भिजलीय इथे —

खाली आली. अजून एक फांदी. रिंकीचा पाय दिसतो. झाडाखाली सगळे खडक. देवा, आणखी थोडं गप्प बसू दे मला. अजून दोन फांद्या, की हात पोचेल —

वाळूच्या पलीकडे माणसं. लोकेंद्र पुढे. धानाच्या शेतातून वानरं हाकलायला नेतात तेच घेऊन आलेत सगळे — पत्र्याचे डबे, सुतळी बॉम्ब. नको. हात हलवले. त्याला वाटलं, बोलावतेय. पळत येतोय —

काडी ओढली त्याने. ओरडू? ओरडले तर ती वर — नाही ओरडले तर बॉम्ब —

लोकेंद्र, न